गाळलेल्या जागेचा इतिहास

‘गाळलेल्या जागा भरा’ ही सूचना मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यामागे काही पूर्वपीठिका असेल, तिचा कोणी कर्ता असेल आणि त्या कर्त्याचा काही विशिष्ट हेतू असेल, अशी शंकासुद्धा सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. धड्यातले एक वाक्य घ्यावे, त्यातून सन, गाव किंवा माणसाचे नाव काढून ठेवावे आणि ते विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे, असाच या प्रश्नाचा शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे. त्यामुळे पाठांतराची हजेरी घेण्यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल, असे आपण मानीत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे, की ज्या पंडिताने हा प्रश्नप्रकार शास्त्रीय परीक्षेसाठी प्रथम योजला, त्याला स्मरणाहून सर्वस्वी निराळी अशी एक शक्ती मोजावयाची होती. आणि पुढे अमेरिकेतील प्रवेशपरीक्षांनी, वाक्यात विरोध दर्शविणारा एखादा शब्द ठेवून त्याच्या आधारे गाळलेला शब्द शोधावयास लावण्याची जी पद्धत रूढ केली, तीत त्या मूळ हेतूचा अंश टिकून राहिला. त्या पद्धतीचा उगम, विस्तार आणि तिच्यावर आलेले प्रसंग यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाव हे प्रशियाच्या सायलेशिया प्रांताचे मुख्य शहर होते. आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. तेथील शाळा सकाळी भरत आणि सलग पाच तास चालत. एवढा वेळ अखंड अध्ययन केल्याने मुलांच्या मेंदूला फाजील शीण येतो की काय, या प्रश्नाने १८९५ च्या सुमारास नगरप्रशासनाला चिंता उत्पन्न झाली, आणि सायलेशियातील एका विद्वत्सभेच्या आरोग्यविभागाकडे ही बाब विचारार्थ सोपविण्यात आली. त्या विभागाच्या कामी ब्रेस्लाव विद्यापीठातील प्राध्यापक हेर्मान एबिंगहाउस यांचे साहाय्य घेण्यात आले. एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांची कीर्ती तोवर स्मृतिशास्त्राचे आद्य प्रवर्तक म्हणून सर्वत्र पसरली होती. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्यांचे विस्मरण कोणत्या गतीने होते याचे मोजमाप त्यांनी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांनी घेतले होते आणि १८८५ मध्ये त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. साहजिकच, मुलांच्या मानसिक थकव्याची परीक्षा घ्यावयाची झाली, तर हा गृहस्थ स्मरणाचीच परीक्षा घेईल, अशी कोणाचीही अपेक्षा झाली असती.

एबिंगहाउस यांनी अंक ऐकून पुन्हा सांगण्याची स्मरणचाचणी घेतली खरी, आणि तिच्या जोडीला बेरजा-गुणाकारांची चाचणीही घेतली. पण त्या दोन्हींवर त्यांचे समाधान झाले नाही. म्हणून त्यांनी एक तिसरी, अगदी नवी चाचणी सिद्ध केली. मुलांच्या हाती एक छापील गद्य उतारा द्यावयाचा, त्यातले काही शब्द आणि काही शब्दांतली अक्षरे अगोदरच काढून टाकलेली असावयाची, आणि ठरावीक मिनिटांच्या मुदतीत जितक्या जागा अर्थाला धरून भरता येतील तितक्या मुलांनी भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. १८९७ मध्ये त्यांनी तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट उघड झाली. एकाच वर्गातील हुशार, मध्यम आणि मागे पडलेल्या मुलांमधील फरक अंकांच्या स्मरणात नीट दिसत नव्हता. गाळलेल्या जागांच्या चाचणीत मात्र तो स्वच्छ उमटला होता. थकव्याचा मूळ प्रश्न बाजूस राहिला, आणि त्याच्या चौकशीसाठी निर्माण केलेले हे साधन जगभरच्या मानसशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाले.

आयुष्याची उमेदीची वर्षे स्मरणाच्या अभ्यासात वेचलेल्या या शास्त्रज्ञाने बुद्धीचे मर्म स्मरणात नाही, असा निर्णय द्यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्या मते बुद्धीचे खरे कार्य संयोजनाचे होते: एकमेकांपासून स्वतंत्र असलेले, आणि काही अंशी एकमेकांच्या विरुद्ध जाणारे असे अनेक संस्कार एकाच वेळी मनात धरून, त्या सर्वांना सामावून घेणारा एकच सुसंगत अर्थ त्यांतून निर्माण करणे. येथे ‘विरुद्ध जाणारे’ हा जो भाग आहे, त्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. सारे पुरावे एकाच बाजूस झुकत असतील, तर निष्कर्ष काढण्यास फारशी बुद्धी लागत नाही. एक लक्षण एका रोगाकडे आणि दुसरे लक्षण भलत्याच रोगाकडे बोट दाखवीत असता दोहोंचा मेळ घालणारे निदान जो करतो, त्याच वैद्याला आपण निष्णात म्हणतो. गाळलेल्या जागेच्या इतिहासात पुढे विरोधदर्शक शब्दाला जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे बीज या विचारात आहे.

पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीचे जे पहिले प्रसिद्ध मापन तयार केले, त्यातील तीस कसोट्यांत एबिंगहाउस यांच्या पद्धतीची रिकाम्या जागांची कसोटी समाविष्ट होती. अटलांटिकपलीकडे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात मॅरियन रेक्स ट्रेब्यू यांनी या कल्पनेला निराळे वळण दिले. सलग उताऱ्याऐवजी त्यांनी सुटी वाक्ये घेतली, ती सोप्यापासून कठीणापर्यंत चढत्या क्रमाने लावली आणि १९१६ मध्ये भाषेच्या मापनश्रेणी म्हणून ती प्रसिद्ध केली. वाक्य सुटे झाले याचा परिणाम दूरगामी होता; कारण उताऱ्यात मागच्यापुढच्या मजकुराचा जो आधार मिळे, तो आता एकट्या वाक्यालाच आपल्या अंगी वागवावा लागणार होता. मात्र एक जुनी अडचण ट्रेब्यू यांनाही सुटली नाही. विद्यार्थी स्वतःचा शब्द लिहीत असल्यामुळे एकेका जागेसाठी अनेक उत्तरे येत, आणि त्यांतील कोणते पूर्ण बरोबर, कोणते अर्धवट बरोबर व कोणते चूक, याचा निवाडा तपासनिसालाच करावा लागे. शेकडो मुलांपुरते ते ठीक होते. लाखोंची परीक्षा घ्यावयाची तर हा शिरस्ता चालण्यासारखा नव्हता.

लाखोंच्या परीक्षेची वेळ लवकरच आली. कॅन्ससमधील फ्रेडरिक केली यांनी मूकवाचनाच्या चाचणीत तयार पर्यायांतून उत्तर निवडण्याची पद्धत १९१५ च्या सुमारास पुढे आणली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्यातील सुमारे सतरा लाख लोकांच्या चाचण्या घेण्यात आल्या, तेव्हा झटपट तपासता येणाऱ्या प्रश्नांचा अंमल पक्का झाला. त्या कामात सहभागी झालेले कार्ल ब्रिघम पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक होते. सैन्यातील चाचण्यांच्या आकड्यांवरून निरनिराळ्या वंशांच्या बुद्धीविषयी १९२३ मध्ये त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात अत्यंत अन्यायकारक अनुमाने मांडली. १९३० मध्ये ती अनुमाने निराधार असल्याचे त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केले, परंतु तोवर त्या ग्रंथाने व्हावयाची ती हानी झाली होती. याच ब्रिघम यांच्या देखरेखीखाली २३ जून १९२६ रोजी ८,०४० उमेदवारांनी ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’, म्हणजे सॅट ही महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा प्रथम दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, असा तिचा झपाटा होता. त्यात विरुद्धार्थी शब्द होते, शब्दांच्या जोड्यांमधील साधर्म्य होते, परिच्छेदवाचन होते. वाक्यपूर्तीच्या प्रश्नाने आपले कायमचे स्थान मिळविले ते मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, जेव्हा तपासणीचे काम यंत्राकडे गेले होते.

त्या यंत्राचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाच्या अंतर्रचनेवर त्याचा परिणाम झाला. मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन या शाळाशिक्षकाने पेन्सिलीच्या शिशातून विद्युत्प्रवाह जाऊ शकतो, या साध्या गोष्टीचा उपयोग करून उत्तरपत्रिका तपासण्याची युक्ती काढली, आणि आयबीएम कंपनीने तिच्या आधारे बनविलेले यंत्र १९३८ मध्ये बाजारात आणले. यंत्राला अर्धवट बरोबर असे काही कळत नाही. पाच पर्यायांपैकी नेमका एक बरोबर आणि उरलेले चार निर्विवाद चूक, अशीच व्यवस्था त्याला हवी असते. प्रिन्स्टन येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेच्या प्रश्नकारांपुढे त्यामुळे एक कठीण काम उभे राहिले. ‘न्यायमूर्ती अत्यंत ____ होते’ असे वाक्य दिले, तर त्यात शेकडो विशेषणे बसतील आणि चूक ठरलेला प्रत्येक उमेदवार योग्य ती तक्रार घेऊन येईल. उत्तर एकच निघावयाचे असेल, तर त्या उत्तराचा संपूर्ण पुरावा वाक्याच्या आतच ठेवणे भाग होते. हा पुरावा कधी कारणाच्या रूपाने, कधी व्याख्येच्या किंवा दाखल्याच्या रूपाने ठेवता येतो. पण व्याख्या दिली की प्रश्न फार सोपा होतो, आणि कारण दिले तरी मन सरळ रेषेत चालत राहते. विरोधाचा दुवा ठेवला, की पुरावा पुरेपूर राहतो आणि तरीही मनाला मध्येच दिशा बदलावी लागते. याच कारणास्तव ‘जरी’, ‘तरी’, ‘परंतु’, ‘असूनही’, ‘उलट’ या अर्थाचे इंग्रजी शब्द त्या प्रश्नपत्रिकांत पुनःपुन्हा येऊ लागले.

हा व्यवहार जवळून पाहावयाचा, तर त्याच धर्तीचे एक मराठी वाक्य रचून पाहू. ‘न्यायमूर्ती मित्रमंडळींत अत्यंत ____ असले, तरी न्यायासनावर बसल्यावर त्यांच्या मुखातून आवश्यकतेपलीकडे एकही शब्द बाहेर पडत नसे.’ पर्याय असे: मितभाषी, विद्वान, बोलके, दयाळू, निःस्पृह. ‘विद्वान’ आणि ‘निःस्पृह’ हे शब्द न्यायमूर्ती म्हटल्याबरोबर मनात उभ्या राहणाऱ्या प्रतिमेला शोभतात, म्हणून ते घातले आहेत. जो उमेदवार वाक्य न वाचता प्रतिमेवर विसंबतो, तो तेथे अडकतो. ‘मितभाषी’ हा शब्द वाक्याच्या उत्तरार्धाशी तंतोतंत जुळतो, आणि ज्याने उत्तरार्ध काळजीने वाचला पण ‘तरी’ वरून नजर घसरू दिली, त्याच्यासाठी तो आहे. ‘दयाळू’ हा या सर्वांत सूक्ष्म फसवा पर्याय. विरोध आहे हे ज्याच्या लक्षात आले, पण कशाशी विरोध आहे याचा ज्याने शोध घेतला नाही, तो न्यायासनाच्या कठोरपणाची कल्पना स्वतःच्या मनातून आणतो आणि तिच्या विरुद्ध शब्द निवडतो. वाक्यात कठोरपणाचा मागमूसही नाही, त्यात केवळ बोलण्याचे प्रमाण सांगितले आहे. तेव्हा विरोध बोलण्यापुरताच असला पाहिजे आणि उत्तर ‘बोलके’ हेच आले पाहिजे. आता ‘असले, तरी’ हे शब्द काढून ‘असत, आणि’ एवढाच फेरफार करावा, की ‘मितभाषी’ हा चुकीचा पर्याय तत्काळ बरोबर ठरतो. एवढ्याशा अव्ययाने उत्तराची बाजू पालटते.

अनुभवी प्रश्नकार विरोधाची खूण नेहमी इतकी उघड ठेवीत नसत. ‘एके काळी गजबजलेली ती पेठ आज ____ आहे’ या वाक्यात विरोधदर्शक अव्यय मुळीच नाही. ‘एके काळी’ आणि ‘आज’ या दोन कालवाचकांच्या अंतरातच तो विरोध सामावलेला आहे. ‘वरकरणी’, ‘नवलाची गोष्ट म्हणजे’, ‘अपेक्षेपेक्षा’ असे शब्दही हेच काम गुपचूप करीत असतात. याहून अवघड असते ती नकारांची साखळी. ‘त्याच्या कट्टर विरोधकांनाही त्याची ____ नाकारता आली नाही’ या वाक्यात ‘विरोधक’ येथे थांबणारा उमेदवार निंदेचा शब्द शोधील, ‘नाकारता’ पर्यंत जाणाराही गोंधळेल, आणि ‘नाही’ पर्यंत पोहोचून तिन्हींचा हिशेब एकत्र मांडणाऱ्यालाच ‘सचोटी’ सापडेल. आणि जेथे दोन जागा गाळलेल्या असतात, तेथे तर केवळ संबंधच हाती राहतो: ‘तो जाहीरनामा वाचावयास ____ असला, तरी त्याचा अंमल रयतेला ____ वाटला.’ येथे उदार आणि जाचक ही जोडी चालेल. उदार आणि सुखावह किंवा कठोर आणि जाचक ही चालणार नाही. दोहोंपैकी एकही शब्द स्वतंत्रपणे ठरविता येत नाही, त्यांच्यामधला विरोध तेवढा निश्चित आहे. आणि एबिंगहाउस यांना जे संयोजन अभिप्रेत होते, ते यांत्रिक तपासणीच्या सर्व मर्यादा सांभाळून ज्या प्रश्नात सर्वांत जास्त उतरले, तो प्रश्न हाच होय, असे मला वाटते.

जेथे परीक्षा, तेथे शिकवणी आलीच. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे स्टॅन्ली कॅप्लन यांनी १९३८ मध्ये आईवडिलांच्या घरी शिकवणी सुरू केली होती. १९४६ पासून ते सॅटची तयारी करून घेऊ लागले. या परीक्षेसाठी शिकवणीचा काही उपयोग होत नाही, असे परीक्षा घेणारी मंडळी दीर्घकाळ सांगत आली, आणि परीक्षेनंतर प्रश्न बाहेर जाऊ नयेत असा बंदोबस्तही ठेवीत आली. कॅप्लन यांनी परीक्षा देऊन आलेल्या विद्यार्थ्यांकडूनच आठवतील ते प्रश्न जमविले. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा करून, परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरे उमेदवारास उपलब्ध करून द्यावीत, असे बंधन घातले आणि १९८० पासून तो अंमलात आला; तेव्हा आजवर दफ्तरबंद राहिलेली प्रश्नकारांची कला सर्वांच्या तपासणीस खुली झाली. मग शिकवणी वर्गांनी तिची सूत्रे बनविली. पर्याय झाकून ठेवावेत, वाक्यातील विरोधाच्या किंवा अनुकूलतेच्या खुणेवर वर्तुळ करावे, जागेत येऊ शकणारा शब्द स्वतः योजावा; शब्द सुचत नसेल, तर तो प्रशंसेचा की निंदेचा एवढे तरी ठरवून अधिक किंवा उणे चिन्ह मांडावे, आणि त्या चिन्हाशी न जुळणारे पर्याय खोडून टाकावेत. चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जाण्याची पद्धत सॅटमध्ये २०१६ पर्यंत होती, त्यामुळे पाचांतले तीन पर्याय निःशंकपणे बाद करता येण्याला प्रत्यक्ष मोल होते.

या सूत्रांना कोणी क्षुद्र युक्त्या म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. वाक्य संपेपर्यंत निर्णय राखून ठेवणे, संमती दर्शविणारे शब्द कोणते व विरोध दर्शविणारे कोणते हे ओळखणे, आणि दुसऱ्याने पुढे केलेले पर्याय पाहण्यापूर्वी स्वतःचे मत बनविणे, ही तिन्ही कामे चांगल्या वाचकाचीच लक्षणे आहेत. दोष होता तो निराळ्या ठिकाणी. ही शिस्त पैसे भरून मिळवावी लागत होती; ज्याला शिकवणी वर्गाची फी परवडत नव्हती आणि ज्याच्या शाळेने त्याला असे वाचावयास शिकविले नव्हते, त्याच्या वाट्याला ती येत नव्हती.

तथापि सॅटमधील इतर भाषिक प्रश्नांच्या तुलनेत वाक्यपूर्ती अधिक न्यायी होती, हेही नमूद केले पाहिजे. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात एक सुटा, अपरिचित शब्द समोर येई आणि तो ठाऊक असेल तर उत्तर, नसेल तर नाही, असा सरळ हिशेब असे. साधर्म्याच्या प्रश्नांत तर घरच्या परिस्थितीचा संबंध येई. धावपटू आणि मॅरेथॉन यांच्या जोडीला वल्हवणारा आणि होड्यांची शर्यत ही जोडी जुळविण्याचा जो प्रश्न पुढे टीकाकारांनी वारंवार उद्धृत केला, तो सोडविण्यास धनिकांच्या क्रीडांचा परिचय असणे सोयीचे होते. वाक्यपूर्तीत निदान पुरावा उमेदवाराच्या हाती दिलेला असे. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द वगळण्यात आले, २००५ मध्ये साधर्म्याचे प्रश्नही गेले. वाक्यपूर्ती मात्र पूर्वीच्या १५ प्रश्नांवरून १९ प्रश्नांपर्यंत वाढली आणि २०१६ च्या आरंभापर्यंत टिकली. त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या नव्या पत्रिकेतून तिलाही निरोप मिळाला, कारण सुट्या वाक्यांऐवजी सलग उताऱ्यातच शब्दाचा अर्थ तपासावा, असे धोरण ठरले होते.

मराठी घरांचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध आला तो जीआरई या परीक्षेमुळे. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, नागपूर-सांगलीच्या कितीतरी तरुण अभियंत्यांनी बॅरन्सच्या पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची यादी कोरी पत्रे कापून, एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ लिहून पाठ केली. पाठांतराची परंपरा आपल्या रक्तात मुरलेली असल्यामुळे त्या यादीला आपले विद्यार्थी कचरले नाहीत. परंतु शब्द सारे ठाऊक असूनही वाक्यपूर्तीत गुण जातात, हा अनुभव त्यांच्यातील पुष्कळांना आला, आणि तो येण्याचे कारण यादीत नव्हते, वाक्य वाचण्याच्या सवयीत होते. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईनेही विरुद्धार्थी शब्द व साधर्म्य ही दोन्ही प्रकरणे बंद केली, आणि तीनपर्यंत जागा गाळलेले परिच्छेद व सहा पर्यायांतून समान अर्थ देणारे दोन शब्द निवडण्याचे प्रश्न ठेवले. अनेक जागांच्या प्रश्नात सर्व जागा बरोबर भरल्याशिवाय गुण मिळत नाही. यादीचे माहात्म्य त्यामुळे बरेच उणावले आणि ‘तथापि’चे वाढले.

याच परंपरेची एक शाखा वृत्तपत्रविद्येच्या क्षेत्रात निघाली होती. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये एखादा मजकूर वाचकाला कितपत सुगम आहे हे मोजण्यासाठी, त्यातील ठरावीक अंतरावरचा, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळून वाचकाकडून तो भरून घेण्याची पद्धत मांडली आणि तिला ‘क्लोझ’ हे नाव दिले. येथे परीक्षा वाचकाची नसून मजकुराची होती. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ नावाची भाषाप्रणाली सिद्ध केली, तेव्हा मजकुरातील सुमारे १५ टक्के शब्द निवडून, त्यांतील बहुतेक झाकून, ते ओळखण्याचा सराव त्यांनी संगणकाला दिला, आणि टेलर यांच्या पद्धतीचा आधार आपण घेतल्याची नोंदही केली. मुलांचा थकवा मोजण्यासाठी निघालेली युक्ती यंत्राला भाषा शिकविण्याच्या कामी यावी, हा तिच्या अंगभूत सामर्थ्याचा मोठाच दाखला आहे.

सॅटनेही अखेर गाळलेल्या जागेकडे पुन्हा वळून पाहिले. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर व २०२४ मध्ये अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर सुरू झाली, तीत छोट्या परिच्छेदातील एका जागी अर्थाला सर्वांत अनुरूप शब्द निवडण्याचा प्रश्न आहे. आणि त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आहे, ज्यात वाक्ये सारी पूर्ण दिलेली असून त्यांना जोडणारा दुवाच गाळलेला असतो. ‘तथापि’ हवे, ‘म्हणून’ हवे की ‘उदाहरणार्थ’ हवे, हे दोन्ही विधाने वाचून ठरवावयाचे. पूर्वी विरोधाचा दुवा दिलेला असे आणि शब्द शोधावा लागे. आता शब्द दिलेले असतात आणि विरोध आहे की नाही, याचाच फैसला उमेदवाराला करावा लागतो. परीक्षेचा रोख इतक्या वर्षांनी नेमक्या त्या मर्मस्थानी येऊन ठेपला आहे.

आपल्या भाषेत हे मर्म ओळखण्याची साधने कमी नाहीत. शालेय व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’ यांना न्यूनत्वबोधक आणि ‘जरी–तरी’ यांना संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांत घातलेले असते, आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपल्याकडे अव्ययांची चिकित्सा किती बारकाईने होत आली आहे, हे अभ्यासकांस विदित आहे. उणीव आहे ती विनियोगाची. मुलाला अव्ययाचा प्रकार विचारला जातो; त्या अव्ययाने वाक्याचा अर्थ कोणीकडे वळविला, हे क्वचितच विचारले जाते. गाळलेल्या जागेत सनावळी भरून घेण्याचा शिरस्ता शिक्षकांनी थोडा आवरता घ्यावा, आणि जिचे उत्तर धड्यात कोठेही छापलेले नाही, परंतु त्या एका वाक्यात मात्र पूर्णपणे सापडते, अशी एखादी जागा दर चाचणीत ठेवावी. त्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, वरिष्ठांचा हुकूमही लागत नाही. ‘तरी’ हा शब्द जाणूनबुजून घातलेले एक नीट रचलेले वाक्य पुरते. अमेरिकेत जी शिस्त पुष्कळांना फी मोजून विकत घ्यावी लागली, ती आपल्या मुलांना मातृभाषेच्या तासाला विनामूल्य मिळू शकेल. आणि दोन विरुद्ध विधाने एकाच वेळी मनात धरून त्यांचा न्याय करण्याची सवय लहानपणी लागलेला मुलगा पुढे वृत्तपत्र वाचताना, मतदान करताना किंवा पंचाच्या जागी बसताना पहिल्या अर्ध्या वाक्यावर आपला निर्णय देऊन मोकळा होणार नाही.